उखळीचा सांधा

"मोजा आहे की मांजराचं पिल्लू? तोंड सापडेल तर शपथ!"

रंगारीबुवा जमिनीवर गुडघे टेकून, बायकोच्या पावलाशी मान घालून पुटपुटत होते. आपलं बोलणं फक्त मोज्याला ऐकू जातंय अशी त्यांची समजूत होती. पण टेलरबाईंचे कान हल्ली फार तिखट झाले होते. दिवसभर त्या एकाच आवाजाकडे कान लावून बसायच्या. रस्त्यावरच्या नव्हे, शेजारच्या घरातल्याही नव्हे, स्वतःच्या उजव्या खुब्यातल्या.

"अहो, टाच धरा. बोटं नका धरू."

"टाचच धरलीय."

"आणि पाय आत नका वळवू."

"अगं, मी कशाला वळवू? मी काय..."

ते थांबले आणि वाक्य तसंच टाकून पुन्हा मोज्याचं तोंड शोधायला लागले. दाराच्या चौकटीत लेक उभी होती. खांद्याला पर्स, हातात आईच्या एक्स-रेचं मोठं पाकीट. बापाचं ते अर्धं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. ती पाकिटाची दुमडलेली कड नखानं सरळ करत राहिली, जशी काही ती कड सरळ झाली की सगळंच सरळ होणार होतं.

खरं तर या घरात पायांचं काम बापाकडे जायचं काही कारण नव्हतं. लेक पार्लरमध्ये कामाला होती आणि तिथे तिचं नाव होतं ते पायांसाठीच. भेगाळलेल्या टाचा, आत शिरलेली नखं, बुटांनी चावलेली बोटं घेऊन लोक तिच्यासमोर बसायचे आणि उठताना स्वतःच्याच पावलांकडे कौतुकानं बघत निघायचे. आणि तिच्या सख्ख्या आईच्या पायात मोजा कोण चढवत होतं, तर जन्मभर भिंती रंगवलेला माणूस. त्याच्या हाताला आठ इंची ब्रशची सवय. मोज्याच्या बाबतीत ब्रश काही कामाचा नव्हता.

पण हे कोणी बोलत नव्हतं. या घरात सध्या न बोलण्याच्या गोष्टींची रांग लागली होती, आणि ही त्या रांगेत सगळ्यात पुढे उभी होती.

मोजा चढला. रंगारीबुवांनी पलंगाचा कठडा धरून स्वतःला उभं केलं. मग त्यांनी कुबड्या दिल्या, मग चाल दिली, तीही नेहमीप्रमाणे तोंडी: "आधी बरा पाय. आता कुबडी. आता... सावकाश, सावकाश." टेलरबाई उठल्या. उठताना श्वास रोखायची त्यांना सवय लागली होती. हवा आत भरली की सांधा जागेवर राहतो असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं, पण उठताना आतापर्यंत राहिला होता ना!

घरभर लाल पट्टे होते. हे रंगारीबुवांचं काम. पहिल्यांदा तो प्रकार झाला ('तो प्रकार' म्हणायचं घरात ठरलं होतं, कधी आणि कुणी ठरवलं ते माहीत नाही), त्यानंतर त्यांनी उरलेल्या ऑइल पेंटचा डबा काढला आणि घरातल्या प्रत्येक ठेंगण्या बसायच्या वस्तूच्या पायावर लाल पट्टा मारला. स्टूल, आरामखुर्ची, सोफा, बाल्कनीतली वेताची खुर्ची. लाल म्हणजे बसायचं नाही. उरलेल्या दोन खुर्च्या आणि पलंग त्यांनी लाकडी ठोकळ्यांवर चढवले. पाहुणे आले की त्या उंच खुर्चीत पाय लोंबकळत बसायचे आणि समोर टेलरबाई तशाच उंचावर. कोर्टात दोन न्यायाधीश बसावेत तसं दिसायचं. सुरुवातीला यावर सगळे हसले होते. दुसऱ्यांदा झालं आणि हसणं आटलं. दुधानं पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हे घर आता पाणीसुद्धा फुंकून पीत होतं.

सुरुवात अगदी साधी होती. कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना उतरताना बाई घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी तिथे नवा सांधा बसवला. धातूची वाटी, तिच्यात फिरणारा गोळा. शाळेच्या पुस्तकात ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, तोच. बाईंनी तो स्वतःच्या पद्धतीनं समजून घेतला होता. टिचबटणासारखा. एक अर्धं दुसऱ्या अर्ध्यात बसतं, टिच म्हणतं आणि धरून ठेवतं. आयुष्यात त्यांनी ब्लाउजांना, झबल्यांना, उशांच्या अभ्र्यांना किती टिचबटणं लावली असतील याला गणती नव्हती. आणि त्यांना हेही माहीत होतं की टिचबटण एकदा सुटलं की पुढच्या वेळी जास्त सहज सुटतं.

पहिल्यांदा सुटलं ते शिवताना. बॉबिन खाली पडली. बाई खुर्चीतून वाकल्या, जशा चाळीस वर्षं वाकत आल्या होत्या. बॉबिन हाताला लागली आणि पाय हातचा गेला. रुग्णवाहिका, भूल, पाय ओढून सांधा परत जागेवर. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, वाकू नका, पाय एकावर एक टाकू नका, पाऊल आत वळवू नका. बाईंनी तिन्ही गोष्टी देवाची आज्ञा म्हणून पाळल्या. रात्री पायांमध्ये जाडजूड उशी बांधून झोपल्या. "लग्न झालं तेव्हा सासू मध्ये झोपली नव्हती," त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "ती हौस आता ही उशी फेडतेय."

आणि मग दुसऱ्यांदा.

टेलरबाई दुसऱ्या वेळेचा विचार करायच्या नाहीत. म्हणजे, तो आपणहून यायचा. लिफ्टमध्ये आला. खाली टॅक्सीच्या दारापाशी आला.

टॅक्सी म्हणजे वेगळंच संकट. तिची सीट ठेंगणी. रंगारीबुवांनी दोन जाड उशा मांडल्या, वर एक घोंगडी घातली. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

"मावशी, सिंहासनच आणलंत की! आम्हाला आधी सांगायचं, तुतारीवाला बोलावला असता."

"तुतारी नको," बाई म्हणाल्या, "खड्डे तेवढे चुकव बाबा."

"खड्डे चुकवायचे तर मावशी, हवेतून जायला लागेल."

तो हसला. रंगारीबुवाही हसले, पण त्यांचा हात बाईंच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला घट्ट होता. पाय आत झुकू नये म्हणून ते बांधासारखे बसले होते. लेक पुढे बसली, ड्रायव्हरशेजारी. पूर्वी ती आईला खेटून बसायची, अगदी टोचेपर्यंत. आता तिनं पुढचा पट्टा लावला आणि पाकीट मांडीवर उभं धरलं.

प्रत्येक गतिरोधकाला बाई घोंगडीची कड धरायच्या. आता, त्यांना वाटायचं. आता टिच होणार. मग व्हायचं नाही. आणि न झाल्याचा आनंद व्हायच्या आत पुढचा गतिरोधक यायचा. त्यांनी डोळे मिटले, आणि डोळे मिटले की ती दुपार समोर यायचीच.

दुपारचं ऊन खिडकीतून तिरकं आलं होतं. लेक सुट्टीवर होती. "आई, तुझी नखं बघितलीस? पक्ष्याचे पंजे झालेत," ती म्हणाली आणि कोमट पाण्याचा टब, कानशी, कात्री, सगळं घेऊन लहान स्टुलावर बसली. त्या स्टुलाला लाल पट्टा होता, पण तो लेकीसाठी नव्हता. बाई उंच खुर्चीत. लेकीनं पाऊल मांडीवर घेतलं. किती दिवसांनी कुणीतरी त्या पायाला दुखणं म्हणून नाही, पाय म्हणून हात लावला होता. नखं झाली, टाचा झाल्या. मग तिनं पर्समधून एक बाटली काढली. डाळिंबी रंग.

"इश्श! या वयात?"

"पायांना वय नसतं, आई. मी रोज बघते."

लेक रंगवत गेली, अंगठ्यापासून. बाईंना दिसेना. वाकायचं नाही म्हणून त्यांना स्वतःचं पाऊल कित्येक दिवसांत नीट दिसलेलंच नव्हतं. आणि त्या क्षणी, त्या उन्हात, ते बघायची त्यांना लहान मुलीसारखी हाव सुटली.

पुढचं टॅक्सीत बसून आठवायला त्यांचं मन तयार नव्हतं. गाडीनं वळण घेतलं, त्यांनी डोळे उघडले. पण आवाज आठवायचा राहत नाही. तो मोठा नव्हता. बटण निघाल्याएवढाच होता. मग पाय त्यांचा राहिला नाही. आखूड झालेला, आत वळलेला, लेकीच्या मांडीवर पडलेला कुणा परक्याचा पाय. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता, तो कुणीतरी पटकन बंद केला. आणि लेकीचा चेहरा! वेदनेनं डोळ्यांपुढे अंधारी आली होती, तरी बाईंनी तो चेहरा बघितला. नंतरच्या कुठल्याही दुखण्यापेक्षा तो त्यांना जास्त दुखला होता.

रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, "कसं झालं?"

बाईंना बोलता येत नव्हतं, तरी बोलल्या त्याच. "झोपेत. दुपारची पडले होते, कूस बदलली बहुतेक."

लेकीनं तोंड उघडलं. पण त्याआधीच रंगारीबुवा म्हणाले, "हो हो, झोपेतच. मी होतो ना तिथे." ते आतल्या खोलीत होते. पण इतक्या ठामपणे बोलले की आपण तिथेच होतो असं त्यांचं त्यांनाही वाटलं असावं.

रुग्णवाहिकेतली लोकरी चादर पायावर टाकली होती. ओल्या रंगात तिचे केस चिकटले. त्या माणसानं ते बघितलं.

त्या दिवसापासून लेकीनं आईच्या पायाला हात लावला नव्हता. पाण्याचा पेला ती टेबलावर ठेवून बाजूला व्हायची, हातात द्यायची नाही. गोळ्या, टॉवेल, कुबड्या, सगळं हातभर लांबून. घर ती सांभाळत होती, आईला वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणालं नसतं. पण मागच्या आठवड्यात पार्लरच्या मालकीणबाईंचा फोन आला होता. तब्येत विचारून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "तुमची मुलगी हल्ली फक्त केस करते हो. पायांना हात लावत नाही म्हणते. काही झालंय का?" बाई म्हणाल्या, "काही नाही, कंबर धरलीय तिची." एक खोटं बोललं की त्याला पोरंबाळं होतात, ती अशी.

दवाखान्याच्या वेटिंग हॉलमध्ये खुर्च्या प्लास्टिकच्या आणि ठेंगण्या. रंगारीबुवांनी एकीच्या बैठकीला हात लावून उंची अजमावली आणि मान हलवली. "डबा आणायला हवा होता," ते म्हणाले. "सगळा हॉल लाल करावा लागला असता." बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाय थरथरत होते, आणि थरथरीनंही सांधा निघतो का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. उत्तर काय येईल याची भीती वाटायची.

नंबर आला. डॉक्टर बाईमाणूस होती, लेकीहून थोडी मोठी, सर्दीनं नाक लाल झालेलं. तिनं एक्स-रे उजेडावर लावले, बराच वेळ बघितले आणि मग एक खण उघडून त्यातून सांध्याचा नमुना काढला.

"काकू, घाबरू नका. आधी बघा तरी. तुमची जुनी वाटी काढून आपण अशी बसवायचा विचार करतोय. हा छोटा गोळा दिसतो? हा या मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात बसतो. आणि तो मोठा गोळा या धातूच्या वाटीत फिरतो. म्हणजे गोळ्यात गोळा. थोडं आतला फिरतो, पुढचं बाहेरचा फिरतो. आणि बाहेरचा एवढा मोठा आहे, की वाटीच्या काठावरून उडी मारायची तर त्याला लांबचा पल्ला गाठावा लागतो."

"म्हणजे मग तो प्रकार," रंगारीबुवांनी घसा साफ केला, "होणारच नाही?"

"होणारच नाही असं मी कुणाला सांगत नाही, काका. धोका कमी होतो. बराच कमी होतो. आणि पाय छान फिरतो. जपून वागायचं, पण जगायचं."

बाईंनी तो गोळा हातात घेतला. गुळगुळीत, थंड. बोटानं फिरवला तर आधी आतला सरकला, मग बाहेरचा. आपण पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, पुन्हा तीच भूल, तीच चिरफाड, हे त्यांना समोर दिसत होतं. पण गोळ्याच्या त्या सरकण्यात त्यांना कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आवडलं. उखळात डोकं घातलंय तर मुसळाला भ्यायचं कशाला, त्यांनी स्वतःला बजावलं. भीती काही त्या म्हणीनं गेली नाही. पण म्हणीच्या आडोशाला थोडी बसली.

"फक्त एक गोष्ट मला नीट सांगा," डॉक्टर म्हणाली. "दुसऱ्यांदा निखळला तो झोपेत?"

'निखळला' हा शब्द पहिल्यांदाच उघड्यावर आला होता.

"हो," बाई म्हणाल्या.

"पायांमध्ये उशी होती?"

"होती," रंगारीबुवा म्हणाले. "मीच बांधली होती."

"पाठीवर होतात की कुशीवर?"

"पाठीवर. म्हणजे कूस बदलत होते."

डॉक्टरनं नाक पुसलं आणि पुन्हा एक्स-रेकडे बघितलं. "मग माझं गणित बसत नाही. मागच्या बाजूला निसटलाय. वाकून, पाऊल आत वळून निसटला असता तर मला कळलं असतं. पण उशी मध्ये असताना, आडवं पडल्या पडल्या, काही न करता निसटला? याचा अर्थ आजूबाजूच्या स्नायूंनी काम सोडलंय. आणि स्नायूच धरत नसतील तर हा गोळ्यात गोळा पुरेल असं मला वाटत नाही."

तिनं तो नमुना बाईंच्या हातातून काढून घेतला आणि खणातून दुसरा काढला. त्याच्या तोंडाशी एक जाड कडं होतं.

"मग हा. यात गोळा आत अडकवून टाकतात. हे कडं त्याला बाहेर येऊ देत नाही. पण पाय फिरतोही कमीच. थोडा फिरला की कडं आडवं येतं. आणि तिथे जोर बसला तर ती ताकद हाडात बसवलेल्या वाटीवर जाते. कधी कधी वाटीच सैल होते. मग पुढचं काम फार अवघड. म्हणून हा मी शेवटी ठेवते, दुसरा इलाजच नसेल तेव्हा."

बाईंनी कड्यातला गोळा फिरवून बघितला. थोडा फिरला आणि टक्क करून थांबला. असा पाय घेऊन चालायचं, प्रत्येक पावलाला आत कुठेतरी हे टक्क ऐकत. आणि एक दिवस हाडातून वाटीच उखडायची. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ओठांवर शब्द आले होते. झोपेत नव्हता हो, इतकं सोपं वाक्य. त्यांनी लेकीकडे बघितलं. ती भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होती, जणू उद्या तिची परीक्षा होती.

पोरीच्या गळ्यात हा धोंडा बांधायचा? बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला आणि कडं पसंत केलं. माझा पाय आहे, मी वागवीन.

"तुम्ही म्हणाल तो बसवा," त्या म्हणाल्या.

"एवढ्यात नाही. आधी स्नायू तपासते. टेबलावर या."

टेबलावर चढणं म्हणजे डोंगर होता. पायरी, मग कुबडी, मग रंगारीबुवांचा खांदा. कागदाची चादर खालून चुरचुरली. डॉक्टरनं त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, मध्ये उशी ठेवून, हळूहळू. तरी बाईंनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

"आता वरचा पाय सरळ ठेवून छताकडे उचला."

बाईंनी मनातून उचलला. पाय तिथेच राहिला.

"दुखतंय की भीती वाटतेय?"

"दुखत नाही फारसं," बाई म्हणाल्या. "पण मी उचलला आणि तो... तिथून गेला तर?"

"मी आहे ना. पण मला खुब्यावर हात ठेवून बघायचंय, पायाला कुणीतरी आधार द्यायला हवा." डॉक्टरनं मागे बघितलं. "ताई, तुम्ही या. आईचं पाऊल धरा. नुसतं तळहातावर तोलायचं, ओढायचं नाही."

लेक जागची हलली. पण पुढे नाही, मागे. तिची टाच कचऱ्याच्या डब्याला लागली, झाकण आपटलं, आणि त्या आवाजानं तिघेही दचकले.

"मी धरतो, मी धरतो," रंगारीबुवा पुढे सरसावले.

"काका, तुमचे हात बघा, केवढे थरथरतायत. ताईंना येऊ दे." डॉक्टरनं तोवर बाईंचा मोजा काढायला घेतला. सकाळी एवढ्या कष्टानं चढलेला मोजा एका झटक्यात निघाला. तिनं पावलाकडे बघितलं आणि हसली. "अरे वा! काकू, तुम्ही तर शौकीन निघालात. डाळिंबी!"

नखं वाढली होती. मुळाशी पांढरी कोर आली होती आणि वर तो रंग, कडेनं झिजलेला, त्यात चादरीचा एखादा केस अजून अडकलेला. पुसायला कुणी धजलंच नव्हतं. पुसायचं म्हणजे त्याला हात लावायचा.

"पण हे काय?" डॉक्टर सहज म्हणाली. "करंगळी राहिली की! चार बोटं रंगवून मध्येच उठलात का?"

"या भिंतीला रंग कुणी दिलाय हो?" रंगारीबुवा एकदम मोठ्यानं म्हणाले. "खाली ओल आहे. आधी ओल काढायला हवी होती. वरून कितीही हात मारले तरी फुगा येणारच. मी सांगतो, दोन पावसाळे..."

त्यांचं बोलणं पुढेच चाललं होतं, एकट्याचं. बाईंनी कुशीवर पडल्या पडल्या मान वळवली. लेक भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. दडवलेले. लहानपणी काही फोडलं की ती अशी उभी राहायची. तेव्हा बाई ओरडायच्या, दाखव हात. आणि हात पुढे आले की मिटायचं. रडारड व्हायची, कधी एखादी चापट, आणि संध्याकाळी पोरगी परत मांडीवर.

या वेळी त्यांनी हात दाखव म्हटलंच नव्हतं. झाकली मूठ ठेवली होती, पोरीच्या भल्यासाठी. आणि मुठीत कोंडलं गेलं होतं कोण? कड्यातला तो गोळा बाईंच्या डोळ्यांसमोर आला. थोडा फिरतो आणि टक्क. पोरीचंही तसंच झालं होतं. घरात फिरायची, काम करायची, आईच्या जवळ यायची, आणि हातभर अंतरावर टक्क करून थांबायची. आयुष्यभर हे कडं तिच्यात बसवून ठेवायचं, आणि वरून आपल्या हाडात दुसरं?

भीती होतीच. आता तर जास्त होती. पायाची नव्हती ती. बोलून टाकलं आणि पोरगी या दारातून बाहेर पडली, परत आलीच नाही, तर? आणि नवऱ्यासमोर, परक्या बाईसमोर, या वयात कशाची हाव सुटली होती तेही सांगायचं. त्यांनी श्वास रोखला. मग सोडला.

"अहो, जरा गप्प बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. रंगारीबुवा 'ओल' या शब्दावर थांबले.

"डॉक्टर, ते कडं परत खणात ठेवा. हा पाय झोपेत नाही निखळला. हिच्या हातात निखळला. मी वाकले होते, आणि मला रंग बघायचा होता म्हणून मीच हिला म्हणत होते, आत वळव, अजून जरा आत वळव."